चार खाचांचा कठडा

मी एक जुना दगडी कठडा आहे. विहिरीच्या तोंडावर बसलेला, बाहेरून गोल, आतून पोकळ. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तुमचे आजोबा येतील. पण आजोबांचे आजोबा, त्यांचेही आजोबा, असे तीस-बत्तीस आजोबा मोजत मागे गेलात, तर कुठे माझा जन्म सापडेल.

आमचे गाव अल्जीरियाच्या किनाऱ्यावर आहे. इथे डोंगर उतरत उतरत येतो आणि समुद्रात पाय सोडून बसतो. त्याच्या मांडीवर आमची पांढरी घरे. गावाबाहेर, पाण्याला लागून, रोमन लोकांचे पडके नगर आहे. खांब, पायऱ्या, स्नानघराच्या अर्ध्या भिंती, आणि त्यांच्यामधून निवांत चरणाऱ्या शेळ्या. मी मूळचा तिथला.

एका पाथरवटाने मला पांढऱ्या दगडातून एकसंध कोरले. माझ्या अंगावर त्याने सात डॉल्फिन काढले. सहा एकामागे एक पोहतात. सातव्याला जागा उरली नाही, म्हणून तो बिचारा शेपटीवर उभा आहे. ज्याच्या घरासाठी मला कोरले तो मालक त्यावरून पुष्कळ बोलला. पण माझी उंची ठरवताना पाथरवटाने मालकाला विचारलेच नाही. त्याने आपल्या चार वर्षांच्या मुलीला माझ्याशेजारी उभे केले आणि तिच्या हनुवटीपाशी कोळशाने रेघ ओढली. मुलाला आत डोकावता आले पाहिजे, पण आत पडता येता कामा नये. डॉल्फिन पाहून लोक वाहवा करतात. त्या रेघेची वाहवा अजून कुणी केलेली नाही.

रोमन लोक गेले. जमीन हलली, भिंती पडल्या, मी मातीखाली गेलो. माझ्या पोकळीतून अंजिराचे एक झाड वर आले, मोठे झाले, वाळून गेले. मग कधीतरी समुद्रापलीकडून, घरदार सोडावे लागलेली माणसे बोटींतून उतरली. त्यांना घरे बांधायची होती आणि पडक्या नगरात दगड आयते पडले होते. कुणाच्या उंबऱ्याला खांब आडवा गेला, कुणाच्या चुलीला एका पुतळ्याचे पाऊल लागले. मला बैलांनी ओढत या अंगणातल्या विहिरीवर आणले. तेव्हापासून मी इथेच आहे.

चार घरांचे मिळून हे एक अंगण. चार घरांच्या बायका चार बाजूंनी पाणी काढत. दोर घासून घासून माझ्या काठावर बोटभर खोल चार खाचा पडल्या. प्रत्येक घराची आपली खाच. घरात नवी सून आली की सासू तिचा हात धरून माझ्याकडे आणते, आपली खाच दाखवते, आणि सून पहिली बादली त्या खाचेतून ओढते. दुसऱ्याच्या खाचेत कुणी दोर घातला की भांडण ठरलेले. "का गं, तुझ्या घराला खाच नाही का?" हे वाक्य मी शेकडो वर्षे ऐकत आलो आहे.

ते माझे सुखाचे दिवस होते. या पाण्यात हरभरे लवकर शिजतात, असे म्हणत पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही हंडे घेऊन येत. उन्हाळ्यात कलिंगडे जाळीच्या पिशवीत घालून खाली सोडत, आणि संध्याकाळी ती थंडगार वर येत. मग नळ आले. नळाला पाणी एक दिवसाआड यायचे, कधी तेही नाही, पण नळ तो नळ. माझ्या काठावर प्लॅस्टिकची टोपली आली, वाळायला घातलेल्या मिरच्या आल्या, मांजरे आली. खाचांत धूळ बसली. मी तक्रार केली नाही. दगडाला वाट बघायला फारसे काही लागत नाही.

अशा दिवसांत हूरिया या घरात सून म्हणून आली.

हूरिया दूरच्या, डोंगराआडच्या शहरातली. औषधांचे शिक्षण घेतलेली. तिचा नवरा अर्झकी मासेमारीच्या बोटीवर असतो. पहाटेच जातो तो दुपार उलटल्यावर येतो. घरात सासू, लाल्ला तासादित. 'लाल्ला' असे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात. लाल्लाला लांबचे लख्ख दिसते आणि जवळचे अजिबात नाही. तिचा चष्मा नेहमी तिच्याच कपाळावर असतो आणि ती तो घरभर शोधत असते.

लग्नानंतर लाल्लाने हूरियाला खाच दाखवली. हूरियाने पहिली बादली ओढली, आत डोकावली, आणि तिचा चेहरा उतरला. तेव्हापासून ती माझ्यापासून हातभर लांबूनच जायची. पुढे तिला मुलगी झाली, तिलेली. ज्या दिवशी तिलेली पहिल्यांदा चालली, त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हूरियानेही वाजवल्या. मग सगळे आत गेल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्यापर्यंतची पावले मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजली. अकराच.

"लाल्ला," ती एकदा म्हणाली, "ही विहीर बुजवून टाकू या ना."

"का? तुला काही बोलली का ती?"

"घरात लहान मूल आहे."

"या अंगणात नऊ पोरं वाढली. तुझा नवरा काय झाडाला लागला होता? एकाचीही बाही भिजली नाही कधी."

"एकदाच भिजायला किती वेळ लागतो?"

लाल्लाने हातातला रवा चाळायचे थांबवले. "कॉलेजात भीतीचा पण वेगळा तास असतो का गं?" ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. हूरिया हसली नाही. तिने माझ्याभोवती खुर्च्या लावल्या, कुंड्या लावल्या. माझ्या तोंडावर एक फळीही टाकली. लाल्लाने दुसऱ्या दिवशी ती काढली. विहिरीचा जीव गुदमरतो म्हणे.

तिलेली चार वर्षांची झाली. कुंड्यांमधून वाट काढून ती माझ्याकडे येई, काठावर हनुवटी टेकवी आणि खाली तोंड करून ओरडे, "तिलेलीऽऽ!" विहीर खालून म्हणे, "लेलीऽऽ!" तिची खात्रीच होती की खाली लेली नावाची एक मुलगी राहते. जेवताना ती लेलीसाठी भाकरीचा तुकडा ठेवू लागली. हूरिया तो तुकडा उचलून टाकी आणि कुंड्या आणखी जवळ सरकवी.

एका शनिवारी पडके नगर बघायला आलेली काही पाहुणे मंडळी वाट चुकून आमच्या गल्लीत शिरली. उन्हाने लाल झालेली, पायांत वाळू. पाणी मागायला अंगणात आली. त्यांच्यात एक शिक्षिका होती. ती पाणी प्यायची विसरली आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. उभ्या डॉल्फिनवरून तिने बोट फिरवले.

"अहो, हा तर संग्रहालयात हवा!" ती हूरियाला म्हणाली. "तुम्ही यावर मिरच्या वाळवता?"

"मिरच्या सासूबाईंच्या आहेत," हूरिया म्हणाली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, लाल्ला झोपलेली असताना, हूरियाने जुन्या वस्तूंच्या कचेरीला अर्ज लिहिला. आमच्या अंगणात रोमन काळातला कठडा आहे, तो सरकारने घेऊन जावा आणि विहिरीचे तोंड सिमेंटने बंद करून द्यावे. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. तिला माझा कंटाळा नव्हता. तिला माझ्या पोकळीची भीती होती.

दोन आठवड्यांनी कचेरीतून सी बुआलेम आले. 'सी' म्हणजे तुमचे 'श्री'. पोट पुढे, काखेत वही, हातात मोजपट्टी. त्यांनी मला चारी बाजूंनी मोजले, माझे फोटो काढले, आणि लाल्लाने दिलेली कॉफी माझ्यावरच ठेवून प्यायले.

आता इथे एक शब्द तुम्हाला सांगायला हवा. आमच्याकडे 'रूमी' म्हणजे परका, कारखान्यातला, बेचव. पिंजऱ्यात वाढलेली कोंबडी रूमी, आणि अंगणात चरलेली ती 'अरबी', म्हणजे घरची, अस्सल. अंडी घेताना, लोणी घेताना, भोपळा घेताना बायका आधी हेच विचारतात. लाल्लाने तर आदल्याच दिवशी कोंबडीवाल्याशी यावरून अर्धा तास वाद घातला होता. अशा लाल्लाला सी बुआलेमनी वही उघडून अदबीने विचारले:

"आजी, हा दगड रोमानी आहे ना?"

"रूमी?" लाल्ला उभी राहिली. "रूमी असेल तुमची मोजपट्टी! हा अरबी आहे, अरबी! आमच्या घरचा!"

"रूमी नाही आजी, रोमानी. जुन्या बादशहांच्या वेळचा."

"बादशहाचा असो नाहीतर तुमच्या साहेबाचा. रूमी वस्तू दोन वर्षांत तडकते. याला एक तडा दाखवा मला!"

"अहो, मी याला नावं ठेवत नाहीये. रोमानी म्हणजे मोठा मान."

"असला मान कोंबडीवाल्याला द्या."

शेजारची बाया मावशी खिडकीतून ऐकत होती. ती खो खो हसली. "साहेब, पुढच्या घरी जा. तिथली विहीर रूमी आहे, नळ म्हणतात तिला!"

सी बुआलेमनी घाम पुसला. कागदावर घरच्या माणसाची सही हवी होती. लाल्ला काही करेना. शेवटी हूरियाने स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून, सही केली. अक्षर सुवाच्य होते.

त्यानंतरच्या मंगळवारी दोन मजूर पहारी घेऊन आले. सरकारी हुकूम आहे म्हटल्यावर लाल्लाने सार्डिन माशांची टोपली घेतली आणि माझ्याकडे पाठ करून साफ करायला बसली. मजुरांनी पहारी घातल्या. शेकडो वर्षांनी मी जमिनीवरून सुटलो. खरे सांगतो, दुखले नाही. पण माझ्या खालून थंड हवा वर आली, आणि मला उघडे पडल्यासारखे वाटले. त्यांनी मला लाकडी ओंडक्यांवरून दारापाशी सरकवत नेले. विहिरीच्या तोंडावर एक पत्रा टाकला, पत्र्यावर दोन विटा ठेवल्या.

"सिमेंटवाला?" हूरियाने विचारले.

"येईल की उद्या, देवाची मर्जी असली तर," सी बुआलेम म्हणाले. "आम्ही आत्ता हातगाडी घेऊन येतो. गल्लीत ट्रक शिरत नाही."

ते गेले. हूरिया पत्र्यापाशी उभी राहिली. तिलेली आत झोपली होती. ऊन वर आले. हूरिया जागची हलली नाही. मग स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. हरभरे. तिने पत्र्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले. भांडे उतरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यासाठीच ती आत गेली.

आणि दुसऱ्या दाराने तिलेली बाहेर आली. केस विस्कटलेले, हातात कलिंगडाची फोड. मला दारापाशी पाहून ती चकित झाली. धावत आली, हनुवटी टेकवून माझ्यात ओरडली, "तिलेलीऽऽ!" माझ्याखाली नुसती फरशी होती. उत्तर आले नाही. ती पुन्हा ओरडली. मग ती वळली. पत्रा तिला दिसला. लेली तिथे खाली आहे आणि तिच्यावर कुणीतरी झाकण घातले आहे, हे तिला एका क्षणात कळले.

मित्रांनो, दोन हजार वर्षांत मला पाय नसल्याचे दुःख कधी झाले नव्हते. त्या क्षणी झाले. तिने एक वीट ढकलली. पत्र्याचा कोपरा उचलला. पत्रा कुरकुरत सरकला आणि विहिरीचा काळा तुकडा दिसू लागला. काठावर तिची पावले, आणि मध्ये काही नाही. जिथे मी असायला हवा तिथे काही नाही.

पत्र्याच्या आवाजाने लाल्ला तासादित वळली. मघाच सांगितले, तिला लांबचे लख्ख दिसते. तिने सगळे पाहिले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर पोर दचकली असती. धावलीही नाही. माशांनी माखलेले हात तसेच हवेत धरून, रोजच्याच कुरकुऱ्या आवाजात ती म्हणाली:

"तिलेली, माझा चष्मा कुठे गेला गं? हे मासे दिसतच नाहीत मला."

चष्मा शोधणे हा तिलेलीचा लाडका खेळ. तिने पत्रा टाकला आणि पळत आजीकडे आली. "आजी, कपाळावर! तुझ्या कपाळावर! रोज तिथेच असतो, वेडी आजी!"

लाल्लाने तिला अशी घट्ट धरली की पोरीच्या फ्रॉकला खवले चिकटले.

हूरिया दारात आली होती. तिने सरकलेला पत्रा पाहिला, कडेला पडलेली कलिंगडाची फोड पाहिली. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"लाल्ला, अर्ज मीच लिहिला होता," हूरिया शेवटी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तुझं अक्षर मला वाचता येत नाही. तुझं तोंड येतं." लाल्लाने तिलेलीला सोडले नव्हते. "आणि तू भीत होतीस ते बरोबर होतं, पोरी. मीच तुला हसले. फळी काढायला नको होती मी."

"मी विहिरीला भीत होते," हूरिया म्हणाली, "आणि विहीर अडवून बसलेल्यालाच उचलायला सांगितलं."

मग ती उठली, ओल्या फडक्याने हात पुसले, आणि हातगाडी आली तेव्हा दारात आडवी उभी राहिली.

"याला परत ठेवा, सी बुआलेम."

"ताई, सही तुमचीच आहे ना?"

"सही माझी. पण घरात मोठ्या या आहेत. त्यांना विचारल्याशिवाय केली, ती माझी चूक. आता त्यांना विचारा."

सी बुआलेमनी लाल्लाकडे पाहिले. लाल्लाने हनुवटी वर केली. "एकदा सांगितलंय. रूमी नाही. अरबी आहे."

सी बुआलेम शिकलेले गृहस्थ होते. मी कुठला आणि किती जुना, हे त्यांना पक्के माहीत होते. ते पत्र्यापाशी गेले. बुटाने त्यांनी तो जरा हलवून पाहिला. तो सहज सरकला. त्यांचा चेहरा बदलला. घरी त्यांनाही एखादी नात असावी.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले: "घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या सांगण्यानुसार सदर दगड... रोमानी नसून... घरचा आहे. सबब तो जागेवरच जपावा." मग वही मिटून मजुरांकडे वळले. "चला, उचला."

"परत?" मजूर म्हणाले. "साहेब, आमच्या कमरा तरी रूमी आहेत हो!"

मी परत विहिरीवर बसलो. पण घाईत त्यांनी मला पाव फेरा फिरवून बसवले. संध्याकाळी चारी घरांत एकच गोंधळ. बाया मावशीची खाच लाल्लाकडे आली, लाल्लाची पलीकडच्या घराकडे. "माझ्या आजेसासूने पाडलेली खाच ही बाई घशात घालणार!" बाया मावशी ओरडत होती. "घे तुझी खाच, नाहीतर तू इकडे राहायला ये!" लाल्ला ओरडत होती. शेवटी असे ठरले की कठडा फिरवायला पुन्हा मजूर आणण्यापेक्षा प्रत्येकीने चार पावले चालून आपल्या खाचेपाशी जावे. त्यामुळे आता आपली खाच हातची जाऊ नये म्हणून चौघी रोज एकमेकींच्या दारासमोर उभ्या राहून पाणी काढतात, आणि भांडणाला दुप्पट विषय मिळतात. माझ्या खाचांतली धूळ मात्र गेली. दोर पुन्हा फिरू लागले आहेत, आणि मी आनंदात आहे.

हूरिया दुसऱ्याच दिवशी बंदरावरच्या लोहाराकडे गेली. तिने माझ्या तोंडाच्या मापाची लोखंडी जाळी करून आणली. मधोमध बादली जाईल एवढे दार, त्याला वरून कडी. आधी मला ते आवडले नाही. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाला कुणी कडी लावली नव्हती. पण तिलेलीचा आवाज जाळीतून पहिल्यासारखाच खाली जातो, आणि लेली पहिल्यासारखेच उत्तर देते. आणि दुपारी हूरिया कॉफीचा पेला घेऊन येते, जमिनीवर बसते, आणि माझ्या अंगाला पाठ टेकते. विहिरीकडे पाठ करून ती बसू शकते. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढे मोठे बक्षीस मला मिळालेले नाही.

तेव्हा मित्रांनो, पडक्या नगरात फिरायला याल तेव्हा आमच्या गल्लीतही या, पाणी प्या. जुनी वस्तू दिसली तर तिला हात लावून बघा, पण उचलण्याआधी ती कुणाला अडवून बसली आहे, ते घरच्यांना विचारा. माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. मी दगड आहे, माझे भागते. मागणे आहे ते या नव्या जाळीसाठी. ती माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि समुद्राचा खारा वारा लोखंडाला आतून खातो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी तिची बिजागरी तपासा, कडी ओढून बघा, गंज खरवडून तिला रंग द्या. आणि रंग वाळेपर्यंत, घरातल्या एका मोठ्या माणसाने इथे माझ्यापाशी बसून राहा.